कयाकची बुचं: कुठलं भोक उघडं ठेवायचं, कुठलं बंद, आणि बूच बसवायचं कसं

निळाईतला

कयाकच्या बुचांबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच विचारलं जातं. कुणाला तळाची भोकं बुजवायची असतात, कुणाच्या कयाकच्या पोटात पाणी येत असतं, आणि उत्तरं पाच ठिकाणी विखुरलेली. म्हणून हा एक धागा. ज्यांच्या हाताखालून कयाक गेल्यात त्यांनी भर घालावी, पटलं नाही तिथे सरळ सांगावं.

सुरुवात भोकं ओळखण्यापासून करू. सिट-ऑन-टॉप कयाकला (जिच्या आत न बसता वरच्या खळग्यात बसतात ती) दोन जातींची भोकं असतात आणि दोघांची कामं अगदी वेगळी.

एक म्हणजे स्कपर. बसायच्या जागी, पायांशी आणि मागच्या सामानाच्या खळग्यात आरपार गेलेली भोकं. वरून डोकावलं की खालचं पाणी दिसतं. प्रत्येक स्कपर ही डेकपासून (कयाकच्या वरच्या बाजूपासून) तळापर्यंत गेलेली, बाजूंनी बंद नळी असते, त्यामुळे तिच्यातलं पाणी पोटात शिरत नाही. लाट अंगावर आली किंवा वल्ह्यावरून पाणी ओघळलं की ते या नळ्यांतून आपसूक खाली जातं. बसायची जागा बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडी उंच ठेवलेली असते, म्हणून हे जमतं. शिवाय या नळ्या डेकला खालून आधार देतात, खांबांचं काम करतात. हे पुढे लागणार आहे.

दुसरं ड्रेन प्लगचं भोक. बहुतेक वेळा एकच, पुढच्या किंवा मागच्या टोकाशी, आट्यांच्या छोट्या बुचाने बंद केलेलं. हे थेट पोटात उघडतं. किनाऱ्यावर आल्यावर कयाक त्या टोकावर कलती करून आत साचलेलं पाणी काढायचं, एवढंच त्याचं काम. कयाक पाण्यात असेपर्यंत हे बूच बंद म्हणजे बंद. मोटरबोटवाले काही वेळा धावत्या बोटीत ड्रेन उघडून पाणी बाहेर काढतात. कयाकच्या वेगात तसं काही होत नाही, उलट पाणी आत येतं.

आता स्कपर बुजवावेत का? माझं मत असं: उघडे ठेवावेत, बुचं सोबत बाळगावीत, आणि पाणी सपाट असेल तरच लावावीत. कारण सांगतो. दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद खळग्यात फक्त ५ सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते साधारण ३७ लिटर होतं, म्हणजे तुमच्या मांडीखाली ३७ किलो वजन. तेही एका जागी न बसणारं. कयाक डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. लाटांमधून किनारा सोडताना किंवा किनाऱ्याला लागताना एक लाट डेकवर चढली आणि सगळी बुचं घट्ट बसलेली असली, तर हे पाणी जायला वाटच राहत नाही. म्हणून फुटत्या लाटांमध्ये बुचं काढलेली हवीत. यात मी तडजोड करत नाही.

"पण मी बसलो की स्कपरमधून पाणी वर येतं" ही नेहमीची तक्रार. तो वजनाचा प्रश्न असतो. साडेतीन मीटर लांब, ८० सेंटीमीटर रुंद कयाक दर १० किलोला अंदाजे अर्धा सेंटीमीटर खाली बसते. डेक पाण्यापेक्षा मुळात काही सेंटीमीटरच वर, त्यात जड खोका मागच्या खळग्यात ठेवला की मागचे स्कपर पाण्याच्या पातळीखाली जाणारच. आधी सामान पुढे-मागे हलवून बघा. कंपनीने दिलेल्या कमाल वजनापर्यंत कयाक तरंगते, पण तोवर बूड कोरडं राहील असं कुणी म्हटलेलं नाही. सामान हलवूनही सीटखाली थोडं पाणी येत असेल तर फक्त सीटखालची दोन भोकं बंद करा, पायांशी असलेली उघडी ठेवा. सगळी बुचं ठोकल्याशिवाय डेक कोरडा राहतच नसेल, तर ती कयाक त्या वजनासाठी लहान आहे. बुचांनी ते फक्त झाकलं जातं.

सागरगोटा

छान सुरुवात. माझा प्रश्न स्कपरच्या बुचांच्या मापाचा. "सगळ्या कयाकना बसतील" म्हणून मिळणारी शंकूच्या आकाराची बुचं आणली. दोन घट्ट बसतात, बाकीची पाण्यात गेल्यावर सैल होऊन वर येतात. भोकं तर दिसायला सारखीच आहेत.

निळाईतला

दिसायला सारखी असतात, मापाला नसतात. स्कपरची नळी सहसा सरळ नसते. वर रुंद, मधे अरुंद, काही कयाकमध्ये खाली पुन्हा रुंद. सीटखालची आणि खळग्यातली भोकं वेगवेगळ्या व्यासाची असणं तर अगदी सर्रास. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि प्रत्येक भोकाचा वरचा आणि खालचा व्यास मोजून कागदावर आकृती काढून लिहा. मग माप बघूनच बूच घ्या. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली बुचं मिळत असतील तर तीच सर्वांत बरी.

बसवताना भोकाची आतली बाजू बोटाने पुसून घ्या. वाळूचा थर असला की बूच भिंतीला टेकत नाही, वाळूवर टेकतं. बूच आणि भोक दोन्ही ओलं करायचं, दाबत दाबत पाव फेरा पिळायचं. कोरडं रबर अर्ध्यात अडकतं आणि घट्ट बसल्याचा भास होतो. पाण्यात गेल्यावर ओलं झालं की तेच निसटतं. तुमची बुचं वर येण्याचं कारण हेही असू शकतं.

जुना खलाशी

वरून लावायची की खालून, हे राहिलं. वरून लावलेल्या बुचाला खालचं पाणी सतत वर ढकलत असतं. खालून लावलं आणि दोरी वर डेकवर घेतली, तर तेच पाणी बुचाला आणखी घट्ट बसवतं. मी खालून लावायच्या बाजूचा आहे.

निळाईतला

सपाट, खोल पाण्यात तुमचं म्हणणं बरोबर. माझी अडचण दोन जागी आहे. उथळ पाण्यात किंवा वाळूवरून ओढताना तळातून बाहेर आलेलं बूच घासतं आणि उखडतं. आणि लाटा वाढल्या की बुचं तिथल्या तिथे काढता आली पाहिजेत. खालून लावलेलं बूच सीटवर बसून काढायचं तर वरून खाली ढकलावं लागतं, आणि दोरी डेकला बांधलेली नसेल तर ते गेलंच. वरून लावलेलं बूच दोरी ओढली की हातात येतं. म्हणून खालून लावणार असाल तर दोरीचं वरचं टोक डेकवरच्या कडीला बांधा.

भरती ओहोटी

मी थोडी वेगळ्या मताची आहे. थंड पाण्यात वल्हवणाऱ्याला कोरडं बसणं ही चैन नसते. तासन्‌तास गार पाण्याच्या डबक्यात बसलं की अंगातली ऊब भराभर जाते, हात आखडतात, आणि मग वल्ह्याची पकडही सुटते. स्कपर उघडे ठेवा हा सल्ला उबदार पाण्यातला आहे. मी एकदिशा झडपा वापरते. आत छोटा चेंडू किंवा रबरी पडदा असतो. वरचं पाणी खाली जातं, खालचं वर येत नाही.

निळाईतला

हा मुद्दा माझ्या लिखाणात यायलाच हवा होता, आभार. थंड पाण्यासाठी झडप हाच चांगला मार्ग. दोन गोष्टींची काळजी घ्या. वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा धागा अडकला की चेंडू नीट बसत नाही आणि झडप दोन्ही दिशांना गळते. म्हणून दर फेरीनंतर गोड्या पाण्याच्या धारेखाली चेंडू बोटाने फिरवून धुवा. आणि झडपेतून निचरा उघड्या भोकापेक्षा सावकाश होतो. डेकवर बादलीभर पाणी ओतून ते जायला किती वेळ लागतो हे किनाऱ्यावरच बघून ठेवा. त्या वेळात दुसरी लाट येणार असेल तर झडपाही काढलेल्या बऱ्या. थंड पाण्यात कपडे मात्र पाण्याच्या तापमानाला साजेसेच हवेत. झडपेने बसायची जागा कोरडी राहते. उलटल्यावर तिचा काही उपयोग नाही.

सागरगोटा

आता माझा मुख्य प्रश्न. माझ्या जुन्या कयाकला ड्रेन प्लगच नाही. पाणी काढायचं तर हॅचमध्ये (डेकवरच्या झाकणाच्या तोंडात) स्पंज घालून पिळत बसावं लागतं. नवा ड्रेन प्लग बसवता येईल का? कयाक पॉलिइथिलीनची आहे.

निळाईतला

येईल. काम तासाभराचं आहे, पण घाई केली तर कयाकला कायमचं भोक पडतं. सविस्तरच लिहितो.

जागा. टोकाशी, पण तरंगताना पाण्याच्या पातळीच्या वर. तळाला कधीही नाही. किनाऱ्यावर ओढताना तळच घासला जातो, आणि तिथलं बूच गेलं तर पाणी थेट आत. कयाक त्या टोकावर उभी कलती केली की पाणी जिथे जमेल, त्याच्या शक्य तितक्या जवळ जागा निवडा. प्लगच्या बाहेरच्या चकतीखाली पृष्ठभाग सपाट हवा. वळणदार जागेवर चकतीची एक कड उचललेली राहते आणि तिथून ते आयुष्यभर गळतं. ड्रिल लावण्याआधी हॅचमधून हात घालून तो भाग आतून हाताला लागतो का ते बघा. नट कसायला हात पोचणार का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

भोक. जागेवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, म्हणजे बिट घसरत नाही. आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, मग पायऱ्यांचा बिट किंवा होल सॉ (गोल भोक कापणारी करवत). ड्रिल कमी वेगावर. वेग वाढवला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं, बिटला चिकटतं आणि भोक वेडंवाकडं होतं. दर पायरीला थांबून प्लग घालून बघत जा. भोक प्लगच्या नळीला जेमतेम बसेल एवढंच हवं. कडेची धार चाकूने किंवा पॉलिश पेपरने काढा. आत पडलेला प्लास्टिकचा कीस शेवटच्या तुकड्यापर्यंत बाहेर काढा, नाहीतर पहिल्याच निचऱ्याला तो येऊन बुचाच्या आट्यांत बसतो.

स्क्रूची भोकं मोठं भोक पाडल्यानंतर. प्लग जागेवर ठेवून त्याच्या चकतीतूनच खुणा करायच्या.

बसवणं. हात पोचत असेल तर स्टेनलेसचे बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहजी सैल न होणारा). समुद्रात जाणार असाल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या, ३०४ वर खाऱ्या पाण्यात गंजाचे डाग लवकर येतात. हात पोचत नसेल तर वेलनट. रबरी नळकांडं असतं, आत पितळी नट. बाहेरून स्क्रू कसला की रबर आतल्या बाजूला फुगतं आणि धरतं, भोकही बंद करतं. त्याचं भोक मात्र रबराच्या बाहेरच्या व्यासाचंच हवं. जरा मोठं झालं की वेलनट जागच्या जागी फिरत राहतो.

कसताना बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. चकतीखाली आधी लावलेलं सीलंट (फट बुजवणारा मऊ थर) सगळीकडून सारखं डोकावलं की थांबा. पॉलिइथिलीन दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणि कयाक उन्हात एकदा चांगली तापून निवल्यावर बोल्ट पुन्हा हाताने तपासा. थोडे सैल झालेले असतील.

जुना खलाशी

सीलंटबद्दल मी लिहितो, कारण इथे सगळ्यांत जास्त नासाडी होते. पॉलिइथिलीनला फारसं काही चिकटत नाही. साधं सिलिकॉन वाळल्यावर नखाने सालीसारखं निघतं. बोटींवर वापरतात ते जोरदार पॉलियुरेथेन सीलंटही फायबरग्लासला जसं धरतं तसं याला धरत नाही. त्यामुळे सीलंटच्या चिकटपणावर भरवसा ठेवू नका. बोल्टच्या दाबाखाली ते गॅस्केटसारखं दबलेलं राहिलं तरच पाणी अडतं. मला ब्यूटिल टेप आवडते. ती वाळत नाही, मऊच राहते, आणि प्लग बदलायचा झाला तर सुटून येते.

आणखी एक कारण. चार मीटरची पॉलिइथिलीन कयाक ३० अंशांच्या तापमानफरकात लांबीला दीड-दोन सेंटीमीटर वाढते. आज सावलीत, उद्या उन्हात, परवा गार पाण्यात. कडक होणारं सीलंट या हालचालीत कडेने सुटतंच. मऊ हवं.

रिव्हेट लावायचेच असतील तर मागे तीन पाकळ्यांत फाकणारे घ्या. साधा पॉप रिव्हेट मऊ प्लास्टिकमधून ओढून निघतो.

वल्हवत राहा

माझ्या कयाकला कंपनीचाच ड्रेन प्लग आहे, तरी तिथून पाझरतं. बुचाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून बघू का? आणि ओ-रिंगला (बुचावरच्या रबरी कड्याला) पेट्रोलियम जेली लावली तर चालेल?

निळाईतला

टेफ्लॉन टेप नको. तुमच्या बुचावर ओ-रिंग किंवा वॉशर आहे, म्हणजे पाणी तिथे अडतं, आट्यांत नाही. आट्यांचं काम फक्त ओ-रिंग दाबून धरण्याचं. टेप भरली की बूच पूर्ण आत जाण्याआधीच घट्ट लागतं आणि ओ-रिंगवर पुरेसा दाब येत नाही. निमुळत्या आट्यांच्या प्लंबिंगच्या जोडांची गोष्ट वेगळी, तिथे आटेच पाणी अडवतात.

ओ-रिंग टोकदार नसलेल्या काडीने काढा आणि उजेडात धरून बघा. चांगली ओ-रिंग सगळीकडून गोल असते. जुनी झाली की एका बाजूने सपाट होते, बोटाने दाबली तरी पुन्हा गोल होत नाही. हलकेच ताणून बघा, बारीक आडव्या भेगा दिसल्या तर ऊन आणि हवा लागून ती संपली आहे. सपाट झालेली किंवा भेगाळलेली ओ-रिंग कितीही ग्रीस लावलं तरी सुधारत नाही, बदलायची. बदलताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. ओ-रिंग ठीक असेल तर खाच बघा. तिच्या तळाशी बसलेला वाळूचा एक कण थेंब थेंब गळायला पुरतो. कानात घालायच्या कापसाच्या काडीने खाच पुसून काढा आणि बूच जिथे टेकतं ती बाहेरची कडही पुसा.

पेट्रोलियम जेली टाळा. नायट्राइल रबर तेल सोसतं, पण ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर पेट्रोलियमने फुगतात आणि मऊ पडतात, आणि आपल्या बुचावर कुठलं रबर आहे हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात या तिन्हींना चालतो. ओ-रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस नको, ती त्याने फुगते.

बूच लावताना आधी उलटं फिरवायचं. आटा आट्यावर पडल्याचा हलका धक्का बोटाला जाणवला की मग सुलटं. प्लास्टिकचे आटे एकदा तिरके चढले की कायमचे बिघडतात. शेवटी बोटांनी घट्ट, पकड किंवा पान्हा लावू नका.

शेवाळ

वाचतोय. माझी कयाक दोन-तीन तास वल्हवली की आत बरंच पाणी असतं. ड्रेन प्लग दोनदा बदलला, आता तिसरा आणायचा विचार आहे.

निळाईतला

थांबा, तिसरा आणू नका. पोटात पाणी आलं की सगळे ड्रेन प्लगला धरतात, कारण तिथून ते बाहेर पडताना दिसतं. आत येण्याच्या जागा पुष्कळ असतात: हॅचची झाकणं (बहुधा हीच), रडरच्या (सुकाणूच्या) केबलची भोकं, हँडल आणि कड्यांचे स्क्रू, मासेमारीच्या काठीचे होल्डर, आणि स्कपरच्या नळीला गेलेली चीर. वाटीभर पाणी दवाचंही असतं, त्याची चिंता नको. लिटरच्या मापात निघत असेल तर शोधायलाच हवं.

कयाक दोन मऊ आधारांवर ठेवा. बाहेरून पूर्ण कोरडी पुसा. मग पोटात दोन बादल्या पाणी ओता, म्हणजे वीसेक किलो. त्याहून जास्त नको, आधारांमधला तळ वाकतो. आता ती वेगवेगळ्या दिशांना कलती करत प्रत्येक संशयित जागा आतल्या पाण्याखाली आणा आणि बाहेरून कोरडा टिश्यू पेपर दाबून धरा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा टिश्यूवर लगेच ठिपक्यासारखा उमटतो. प्रत्येक स्कपरच्या नळीतही टिश्यूची गुंडाळी खुपसून ठेवा, ते कुणी करत नाही.

पाणकोंबडी

माझी ही चाचणी पूर्ण कोरडी गेली. एक थेंब नाही. तरी पाण्यात गेलं की आत पाणी असतंच, आणि ऊन असलेल्या दिवशी जास्त. हे कसं?

निळाईतला

ऊन असलेल्या दिवशी जास्त, यातच उत्तर आहे. कयाक गाडीच्या टपावर किंवा किनाऱ्यावर सगळं बंद करून तापली, आतली हवा समजा ५० अंशांवर गेली. तापताना जादा हवा झाकणांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडते. मग तुम्ही तिला २५ अंशांच्या पाण्यात ढकलता. आतली हवा साधारण ८ टक्के आकसते. पोट ताठ असतं तर आतला दाब ८० सेंटीमीटर उंच पाण्याच्या दाबाइतका कमी झाला असता. प्लास्टिक थोडं आत दबून त्यातला बराचसा भाग सोसतं, पण उरलेली ओढही छोटी नसते. तुमच्या चाचणीत ओ-रिंगवर दहाएक सेंटीमीटर पाण्याचा दाब होता, तोही आतून बाहेर. इथे ओढ बाहेरून आत. झाकणाच्या काठावर साचलेलं पाणी ती आत खेचून घेते.

उपाय सोपा आहे: ने-आण करताना आणि ठेवताना ड्रेन प्लग काढून ठेवायचा. आतला दाब बाहेरच्याइतका राहतो, तळाला खड्डे पडत नाहीत, आतली ओलही वाळते. पाण्यात उतरण्याआधी कयाक पाण्याच्या काठावर थोडी निववा आणि मग बूच लावा. काही कयाकच्या आतल्या आडव्या भिंतींना टाचणीएवढं छिद्र असतं ते याचसाठी, कुणी सीलंटने बुजवू नये.

सागरगोटा

पण काढून ठेवलेलं बूच लावायचं राहिलं तर?

भरती ओहोटी

त्यासाठी मी बूच लाइफ जॅकेटच्या चेनला अडकवते. जॅकेट घातल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही, आणि चेन ओढताना बूच हातात येतंच. त्या वेळी जोडीदाराच्या बुचावरही बोट ठेवून बघायचं, ही आमच्या गटाची पद्धत आहे. एक जादाचं बूच कोरड्या पिशवीत असतं.

जुना खलाशी

आणि सिट-ऑन-टॉपवाल्यांनी पोटात तरंगणारं काहीतरी भरून ठेवा. हवेच्या पिशव्या असोत नाहीतर बंद पेशींच्या फोमच्या लांब कांड्या. बहुतेक सिट-ऑन-टॉपच्या पोटात आडव्या भिंती नसतात, टोकापासून टोकापर्यंत एकच पोकळी. बूच गेलं तर सगळीच भरते. फोमने जितकी जागा व्यापली तितकं पाणी कमी येतं.

पाण्यात असताना कयाक जड लागायला लागली, वळायला कुरकुरू लागली, एक टोक खाली बसल्यासारखं वाटलं, तर आत पाणी आहे असं धरून सरळ जवळच्या किनाऱ्याला जा. लाटांमध्ये हॅच उघडून बघायचं नाही.

शेवाळ

चाचणी केली. हॅच कोरडे, ड्रेन प्लग कोरडा. सीटमागच्या उजव्या स्कपरमधली टिश्यूची गुंडाळी भिजून लगदा झाली. आरसा धरून बघितलं तर नळी तळाला मिळते तिथे अर्धवर्तुळाकार बारीक चीर आहे. मी कयाक स्कपरमध्ये दांडे घालायच्या ढकलगाडीवरून नेतो, त्याने झालं असेल का?

निळाईतला

जवळजवळ नक्की. सुरुवातीला लिहिलं तसं या नळ्या डेकला तोलून धरणारे खांब आहेत. गाडीचे दांडे त्यांच्यात घातले आणि कयाक सामानासकट खड्ड्यांवरून ओढली की प्रत्येक धक्क्याला दांडा नळीला आडवा ढकलतो. सगळा जोर नळी आणि तळाच्या सांध्यावर येतो. दांडे पूर्ण आत गेलेले नसतील तर आणखी वाईट. पट्ट्यांनी बांधायची, तळाला आधार देणारी गाडी घ्या, किंवा निदान सामान उतरवून न्या.

दुरुस्तीसाठी एपॉक्सी आणि फायबरग्लास विसरा, पॉलिइथिलीनवरून ते सुटतं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे पळणार नाही, चीर व्हीच्या आकारात खरवडा, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंग करा. कांडी शक्यतो कयाकच्या कंपनीकडून मागवा. त्याआधी तुमची कयाक क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनची नाही ना, हे कंपनीला विचारा. ते प्लास्टिक वितळून जुळत नाही आणि वेल्डिंगच्या नादात चीर मोठी होते. हात बसलेला नसेल तर आधी भंगारातल्या पॉलिइथिलीनच्या तुकड्यावर सराव करा, नाहीतर प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडे न्या. नळीच्या आतलं काम अवघड असतं.

तोवर त्या स्कपरमध्ये बूच लावून पाण्यात जाऊ नका. बुचाने चीर झाकली जाईल असं वाटतं, पण शंकूसारखं बूच आतून बाहेर दाब देतं आणि चीर उघडते.

वल्हवत राहा

ओ-रिंग बदलली, सपाटच झाली होती. पाझर थांबला. हंगाम संपल्यावर बुचं कशी ठेवावीत? माझी स्कपरमध्येच राहतात, आणि दोन तर आता निघतच नाहीत.

निळाईतला

स्कपरमध्ये ठेवू नका. रबर आणि फोम महिनोन्‌महिने दाबलेले राहिले की त्याच आकाराचे होतात, मग पुढच्या वेळी सैल बसतात. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, पिशवीत सुटी ठेवा.

अडकलेली बुचं दोरीने उपसू नका, दोरी तुटते आणि बूच आतच राहतं. भोवती साबणाचं पाणी सोडा, थोडा वेळ द्या, आणि वरून लावली असतील तर खालून जाड गोल लाकडी दांड्याने सावकाश ढकला. स्क्रूड्रायव्हर घालू नका, नळीला ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. जिथे पाणी गोठतं तिथे राहणाऱ्यांनी बुचं हिवाळ्याआधी काढलीच पाहिजेत. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि बुचावर साचलेलं पाणी नळी फोडू शकतं. ड्रेन प्लगही काढून, कयाक उलटी किंवा कुशीवर, आतून पूर्ण कोरडी करून ठेवा.

पाणकोंबडी

आज कयाक काठावर निववून मग बूच लावलं. कडक ऊन होतं, तरी परत आल्यावर कपभर पाणीसुद्धा निघालं नाही. हॅचच्या झाकणाचं रबर तरी बदलावं का?

निळाईतला

ड्रेन प्लगच्या ओ-रिंगची परीक्षा सांगितली तीच त्यालाही लावा: दाबल्यावर परत फुगतं का, भेगा आहेत का. ठीक असेल तर राहू द्या, फक्त झाकण ज्या कडेवर बसतं ती वाळू पुसत जा.